मांडवीचें जातें

प्रवासास निघणाऱ्या माणसाला कारण विचारण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तीर्थयात्रा, लग्नकार्य, औषधोपचार किंवा कोर्टकचेरी यांपैकीं एखादें कारण सांगतां आलें म्हणजे विचारणाऱ्याचें समाधान होतें आणि जाणाऱ्याचीहि सुटका होते. २०२४ सालच्या जानेवारींत आम्ही उभयतां रत्नागिरीहून मोटारीनें थेट गंगाकांठच्या बिठूरास जावयास निघालों, तेव्हां मात्र आमची मोठी पंचाईत झाली. मांडवीच्या आळींत जो भेटे तो विचारी, "काशीयात्रा वाटतें?" आणि आम्हीं सांगावें, "नाहीं, एका मित्राचें जातें पोहोंचतें करावयाचें आहे." ऐकणारा हंसे. सत्तरी उलटलेल्या गृहस्थानें दगडाच्या दोन तळ्या गोणपाटांत गुंडाळून सतराशें किलोमीटर न्याव्या, ही गोष्ट हंसण्यासारखीच होती. तिच्यांत न हंसण्यासारखें काय होतें, तें सांगण्यासाठींच हा लेख.

हा मित्र आमचा मांडवीचा बालसोबती. त्याचें घर धक्क्यापासून हांकेच्या अंतरावर, आमचें त्याच्या मागल्या अंगास. ज्यांनीं मांडवी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. रत्नागिरी शहराच्या कडेला भाट्याची खाडी जेथें समुद्रास मिळते, तिच्या उत्तरेस ही वस्ती आहे. येथील वाळू काळी, म्हणून या किनाऱ्यास गांवांत काळा समुद्र म्हणतात. मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. धक्क्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे उजव्या हातास रत्नदुर्गाचा डोंगर पाण्यांत शिरलेला दिसतो. आमच्या लहानपणीं मुंबईच्या आगबोटी खोल पाण्यांत उभ्या राहत आणि उतारूंची ने-आण पडावांतून होई. पावसाळा आला कीं बोटी बंद. त्यामुळें मृगापूर्वींच्या शेवटच्या बोटीला निरोप देण्यास सारी आळी धक्क्यावर जमत असे. तिनें जो गेला तो निदान चार महिने परत येणार नाहीं, हें सर्वांस ठाऊक असे.

१९७१ सालीं तशाच शेवटच्या बोटीनें आमचा मित्र गेला. कानपुरास साखरेचें शास्त्र शिकविणारी सरकारी संस्था १९३६ सालीं स्थापन झालेली आहे. आज तिला राष्ट्रीय शर्करा संस्था म्हणतात. तेथील शिक्षण पुरें करून तो त्याच मुलुखांतल्या एका साखर कारखान्यांत नोकरीस लागला, तिकडचीच मुलगी त्यानें केली, आणि पुढें गंगेच्या कांठीं बिठूरास घर बांधलें. आरंभीं त्याचीं पत्रें नियमानें येत. एका पत्रांत त्यानें लिहिलें होतें, "इकडे चढ नाहीं आणि उतारहि नाहीं. अंगणांत पाणी सांडलें तर कोणीकडे जावें याचा विचार करीत तें जागच्या जागीं उभें राहतें." रत्नागिरीसारख्या, पावलोपावलीं घाटी असलेल्या गांवच्या माणसाला मैदानाचें वर्णन याहून निराळें सुचणें शक्य नव्हतें.

मांडवीस त्याची आई एकटी राही. तिला तिकडे नेण्याचे त्याचे प्रयत्न व्यर्थ गेले. पहाटे तिच्या जात्याची घरघर आमच्या अंथरुणापर्यंत ऐकूं येई. काळ्या दगडाचें तें जातें तिच्या सासूनें घाटावरून आणविलेलें, आणि कुळथाचें पीठ त्याच्यावरचेंच व्हावें हा तिचा हट्ट. १९८६ च्या जानेवारींत ती आजारी पडली. आम्हीं तार करण्याची गोष्ट काढली तेव्हां ती म्हणाली, "बाळा, सध्यां त्याचा हंगाम चालू आहे. आतां रजा मागितली तर त्याला बोलणीं ऐकावीं लागतील. गाळप संपूं दे, मग कळव." उसाचा हंगाम थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो आणि तेवढ्या दिवसांत कारखान्याच्या माणसास श्वास घेण्यास सवड नसते, हें आम्हांसहि त्याच्या पत्रांवरून माहीत होतें. दोन वेळां आम्ही तारकचेरीच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलों. वडील माणसाची आज्ञा, असें त्या वेळीं मनास सांगितलें. आज प्रामाणिकपणें सांगावयाचें तर वाईट बातमी आपल्या हातून जाऊं नये, ही भीतिच त्या आज्ञेच्या पाठीमागें लपली होती. दहाव्या दिवशीं ती गेली. मग तार केली.

रत्नागिरीस तेव्हां रेल्वे नव्हती. कोंकण रेल्वेचा मार्ग पुरा होऊन गाड्या सलग धांवूं लागल्या त्या १९९८ सालीं. मित्र कानपुराहून मुंबईस आणि मुंबईहून रात्रभर एस. टी. नें असा येऊन चौथ्या दिवशीं दारांत उभा राहिला. आमच्याकडे पाहून तो एवढेंच म्हणाला, "तार करायला किती पैसे पडतात रे?"

या प्रश्नाला आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तेरावा उरकून तो गेला तो परत आला नाहीं. वर्षभरांत घराची विक्री झाली, तीहि मुखत्यारपत्रावर. नव्या मालकानें सामान बाहेर काढलें तेव्हां तें जातें आंब्याच्या बुंध्याशीं पडलें होतें. तें आम्हीं उचलून आमच्या पडवींत आणून ठेविलें. पत्रांचीं पुढें दिवाळीचीं कार्डें झालीं, आणि कार्डांवर चार ओळींच्या जागीं नुसती सही उरली. नातवंडें त्या जात्याच्या वरच्या तळीवर बसून वाढलीं. जुलै २०१३ मध्यें देशांतील तारेची सेवाच बंद झाली, तेव्हां वर्तमानपत्रांत पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. आम्हांसहि वाईट वाटलें, परंतु त्या वाईट वाटण्यांत थोडी सुटकेचीहि भावना होती, हें आम्हीं कोणास सांगितलें नाहीं.

२०२३ च्या दिवाळींत कार्ड आलें तें परक्या अक्षरांत. दृष्टि अधू झाल्यामुळें दुसऱ्याकडून लिहवून घेतों, असें त्यांत होतें. अडतीस वर्षें अबोला धरलेल्या माणसाचें अक्षर तेवढें आम्हांस भेटत होतें. आतां तेंहि गेलें. त्या रात्रीं आमची मंडळी म्हणाली, "जातें त्यांचें आहे. त्यांना नेऊन द्या. बोलायचें तें तेथें गेल्यावर सुचेल." आगगाडीच्या डब्यांत तें ओझें चढविणें आमच्या वयास झेपण्यासारखें नव्हतें. म्हणून मोटार, आणि सारथ्यास चिरंजीव. आम्हीं दळलेलें कुळथाचें पीठहि बरोबर घेण्याचें सुचविलें, तेव्हां मंडळीनें विचारलें, "जातें न्यायचें आणि पीठहि न्यायचें?" म्हणून दोन शेर कुळीथ आख्खेच बांधून घेतले. शिवाय आमसुलें आणि आंबापोळी.

आंबा घाट चढून कोल्हापूर, पुढें पुणें, नाशिक, धुळें, इंदूर, शिवपुरी, झांशी आणि काल्पी, असा आमचा मार्ग होता. वाटेंत चार मुक्काम झाले. त्यांतील सुखदुःखांची याद देऊन वाचकांस कंटाळा आणण्याचा विचार नाहीं. धुळ्याच्या मुक्कामीं हॉटेलांतल्या पोऱ्यानें गोणपाट उचलतांच कण्हून "आंत काय, सोनें आहे का बाबा?" असें विचारलें, आणि चिरंजिवांनीं "त्याहून जुनें आहे" असें उत्तर दिलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पळासनेराच्या पुढें मराठी पाट्या संपल्या, बिजासनीचा घाट ओलांडला, आणि खलघाटास नर्मदा आली. मंडळीनें पाण्यांत नाणें टाकलें. आमचें लक्ष मात्र पुढल्या वाटेकडे होतें. नर्मदेपलीकडे आपण परमुलुखांत शिरूं, अशी आमची समजूत होती, आणि ती त्या वाटेनेंच खोटी पाडली.

इंदूर होळकरांचें, देवास पवारांचें, शिवपुरीस शिंद्यांच्या छत्र्या, हें शाळेंतल्या पोरालाहि माहीत असतें. परंतु झांशीच्या किल्ल्याखालीं उभे असतां आमच्या मनांत आलें कीं या किल्ल्याचे धनी नेवाळकर मूळचे आमच्याच जिल्ह्यांतल्या लांज्याजवळील कोट गांवचे. दुसऱ्या दिवशीं काल्पी लागली. तेथें आणि सागरास बसून अठराव्या शतकांत ज्यांनीं पेशव्यांसाठीं बुंदेलखंडाचा कारभार पाहिला, ते गोविंदपंत बुंदेले म्हणजे गोविंद बल्लाळ खेर. ते आमच्या मांडवीच्या उत्तरेस किनाऱ्यालगत असलेल्या नेवऱ्याचे. पानपतच्या मोहिमेंत भाऊसाहेबांच्या फौजेस रसद पोहोंचविण्याच्या खटपटींत असतां १७६० च्या डिसेंबरांत ते मारले गेले. पुन्हां समुद्र त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. अशीं माणसें आमच्या लाल मातींतून निघून या वाटेनें गेलीं आणि बहुतेक तिकडचींच झालीं. गेलेल्यांचा इतिहास लिहिला जातो. त्यांच्यामागें आळींत जे राहिले, त्यांचें काय काम होतें, हा प्रश्न आम्हांस त्या वाटेवर प्रथम पडला.

त्याचें उत्तर शोधण्यास फार लांब जावें लागलें नाहीं. पानपताच्या वेळीं नानासाहेब पेशवे स्वतः कुमकेस निघून नर्मदेपलीकडे भिलशापर्यंत पोहोंचले होते. तेथें त्यांस एका सावकाराच्या सांकेतिक पत्रावरून सर्वनाशाची बातमी कळली. तें पत्र त्यांच्यासाठीं लिहिलेलें नव्हतें. व्यापाऱ्यानें व्यापाऱ्यास लिहिलें होतें. राज्याचा धनी कांहीं मजलांवर असतांना त्याला घरची बातमी परक्याच्या हातून कळावी, याहून मोठें दुर्दैव कोणतें? आणि याच्या उलट, वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेस आले, झांशीच्या वेढ्यांत सांपडले, जिवानिशीं वांचून घरीं गेले, आणि जें पाहिलें तें त्यांनीं लिहून ठेविलें. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून निघाला म्हणून तर आपणांस त्या दिवसांची घरगुती हकीकत ठाऊक आहे. जाणाऱ्यानें हकीकत आणावी आणि राहणाऱ्यानें वर्तमान पोहोंचतें करावें, एवढाच या दोघांमधला करार असतो. पैसा, जमीन, मानपान यांबद्दलचे हिशेब नंतरचे. आम्हीं नेमका तो करार मोडला होता.

काल्पीस यमुना ओलांडली ती धुक्यांत. पूल लागला हें कठड्यावरून कळलें. पाणी दिसलें नाहीं. यमुनेपलीकडे गंगेपर्यंत जो प्रदेश पसरला आहे त्यास जुन्या मराठी कागदांत अंतर्वेद म्हणतात. दहाच्या सुमारास धुकें विरूं लागलें आणि दोहों बाजूंस तो सपाट मुलूख उघडा झाला. मोहरीचीं पिवळीं शेतें, गव्हाचीं हिरवीं, मधून मधून बटाट्याचीं. उसाच्या गुऱ्हाळांचा धूर सरळ वर जाऊन एका उंचीवर आडवा पसरलेला. नजर कोठें अडत नाहीं, कीं ठेंचाळत नाहीं. मांडवीच्या धक्क्यावर असतांना जशी ती क्षितिजापर्यंत जाते तशीच येथें जाते. आमचा मित्र समुद्र सोडून या मैदानांत कसा रमला, याचें आम्हांस आजवर नवल वाटे. त्या सकाळीं तें वाटेनासें झालें. त्यानें समुद्र सोडला नव्हता. बिनलाटांचा एक समुद्र त्याला सांपडला होता.

बिठूर हें गंगेच्या उजव्या तीरावरचें गांव, कानपुराहून थोडें वरच्या अंगास. १८१८ सालीं राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव आठ लाखांच्या सालीना तनख्यावर येथें येऊन राहिले आणि १८५१ सालीं येथेंच वारले. कोंकणांतील श्रीवर्धनच्या भटांच्या वंशजास इंग्रजांनीं गंगेच्या कांठीं ठेविलें. पुढें ब्रह्मदेशच्या थिबा राजास त्यांनींच आमच्या रत्नागिरींत आणून ठेविलें, तो १९१६ सालीं तेथेंच मेला. एकाला समुद्राचें गांव तुरुंग झालें, दुसऱ्यास नदीचें. नानासाहेबांचा वाडा १८५७ मध्यें इंग्रजांनीं उध्वस्त केला, त्याचे अवशेष मित्रानें आम्हांस दुसऱ्या दिवशीं दाखविले. परंतु हें पुढचें.

पहिल्या भेटींत आम्ही दोघेहि म्हातारे आहों, एवढेंच काय तें एकमेकांस दिसलें. तो फाटकांत उभा होता. मोटारीच्या आवाजाच्या दिशेनें त्यानें मान वळविली. "आलास?" तो म्हणाला. आम्हीं म्हटलें, "आलों." चिरंजिवांनीं गोणपाट सोडून तळ्या ओसरीवर ठेविल्या. मित्र खालीं बसला, त्यानें दोन्ही हातांनीं वरची तळी चांचपली, खुंट्याचें भोंक बोटानें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां आंत निघून गेला. त्याच्या पत्नी मात्र लगबगीनें पुढें आल्या. "अरे, यह तो जाँता है!" असें त्या म्हणाल्या, आणि आमच्या मंडळीच्या चेहऱ्यावर प्रवासाचा शीण उतरल्यासारखें दिसलें. जातें आणि जाँता! सतराशें किलोमीटर आणलेल्या वस्तूची ओळख करून देण्याची गरजच पडली नाहीं. वरची तळी नातवंडांनीं बसून गुळगुळीत केली आहे, हें त्या बाईंनीं हात फिरवितांच ओळखलें, आणि गांवांत पाटेवरवंटे टांकणारा एक म्हातारा आहे त्यास उद्यां बोलावतों असें सांगितलें.

तो दिवस प्रकृतीच्या व हवामानाच्या गोष्टींत गेला. दुसऱ्या दिवशीं पहाटे मित्र आम्हांस ब्रह्मावर्त घाटावर घेऊन गेला. त्याला दिसत नव्हतें, आम्हांस धुक्यामुळें दिसत नव्हतें. पायऱ्या दोघांनींहि सारख्याच सावधपणें उतरल्या. या घाटावर ब्रह्मदेवाची खुंटी म्हणून एक खुंटी दाखवितात. भूमीचा मध्यबिंदु तो हाच, अशी तिकडील भाविकांची श्रद्धा आहे. तिच्याजवळच्या पायरीवर आम्ही बसलों. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "मीं तुला एक प्रश्न विचारला होता."

"त्याचें उत्तर अजून सांपडलेलें नाहीं," आम्हीं म्हटलें. "तिनें नको म्हटलें होतें. पण मीं तार करावयास हवी होती."

"हवीच होती," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पण तुला एक ठाऊक नाहीं. आईचें कार्ड मला आठ दिवस आधीं मिळालें होतें. शेजारच्या कुणा पोराकडून लिहविलेलें. अंगांत कसर आहे, पण हंगाम सोडून येऊं नको, असें. मीं तें वाचलें आणि खिशांत घातलें. तीच येऊं नको म्हणते, मग कशाला जा, असें म्हटलें. पुढें तुझी तार आली. त्यानंतर इतकीं वर्षें मी मनाला सांगत आलों कीं, यानें वेळेवर तार केली असती तर मी निघालों असतों."

आम्हीं विचारलें, "निघाला असतास?"

"तेंच तर कळत नाहीं रे," तो म्हणाला.

नदीवर कुठेंशी नाव चालल्याचा आवाज येत होता, नाव दिसत नव्हती. त्या माउलीनें दोघांसहि एकच गोष्ट सांगितली होती, आणि दोघांनींहि ती ऐकली होती, कारण ती ऐकणें दोघांच्याहि सोयीचें होतें. आमचा दोष त्यामुळें कमी झाला, असें आम्हांस त्या वेळीं वाटलें नाहीं आणि आजहि वाटत नाहीं. उलट, आमच्याहि वांट्याचें ओझें तो त्या कार्डाबरोबर खिशांत घेऊन वागला, आणि आम्ही मांडवींत जातें जपून ठेविल्याचा अभिमान बाळगीत होतों, याची लाज वाटली. दोघांपैकीं एकानें एक पत्र लिहिलें असतें तरी हें १९८७ सालींच उलगडलें असतें. बातमी न पोहोंचविण्याचा गुन्हा आम्हीं एकदां केला, असें आम्ही समजत होतों. तो आम्हीं अडतीस वर्षें रोज केला होता.

घरीं परतलों तों टांकणारा म्हातारा ओसरीवर बसून छिन्नीनें तळीस टांके घालीत होता. काम झाल्यावर प्रथम मूठभर तांदूळ दळून कण काढून टाकला, मग मंडळीनें कुळीथ भाजले, भरडून पाखडले आणि दोघी समोरासमोर बसून दळूं लागल्या. जात्याची घरघर सुरू झाली तेव्हां मित्र खुर्ची ओढून जवळ येऊन बसला. त्यानें डोळे मिटले होते. उघडे ठेवून तरी त्याला काय दिसणार होतें? त्या दुपारीं आमसूल घातलेली कुळथाची पिठी आणि भात झाला. तो तीन वेळां मागून घेऊन जेवला. त्याच्या पत्नी आमच्या मंडळीस म्हणाल्या कीं, ही पिठी करण्यास त्यांस लग्नानंतर कोणी शिकविलेंच नाहीं; सासू दूर, आणि नवऱ्यास कृति ठाऊक नाहीं. आतां त्या शिकल्या.

चार दिवस राहून आम्ही निघालों. निघतांना मांडवीस येण्याचा आग्रह आम्हीं केला नाहीं. केला असता तर तो हो म्हणाला असता आणि आला नसता. त्यानें आमच्या हातांत जिन्नस म्हणून तिकडचा नवा गूळ दिला. मोटार चालूं झाल्यावर तो काचेजवळ वांकून म्हणाला, "पोहोंचल्यावर कळव."

परतीच्या वाटेचें वर्णन करण्याजोगें कांहीं नाहीं. पांचव्या दिवशीं रात्रीं नऊ वाजतां आम्ही मांडवीस आलों. भरतीची वेळ होती. धक्क्याकडून लाटांचा आवाज येत होता. मंडळी दिवे लावण्यास आंत गेली, चिरंजीव सामान उतरवूं लागले. जोडे न काढतां आम्हीं पडवींत, जात्याच्या मोकळ्या जागेपाशीं उभे राहून दूरध्वनि लाविला. तिकडे तो जागाच होता.

"पोहोंचलों," आम्हीं म्हटलें.

"बरें केलेंस, कळविलेंस," तो म्हणाला.